हमालाची चुन्याची डबी आणि विझवता येणारं प्रोटीन

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही जीएफपी नावाच्या प्रोटीनमुळं चमकणाऱ्या पेशींवर अर्धं पान छापलं होतं. फोटो एक नंबर होते त्यात वाद नाही, काळ्याभोर पानावर हिरव्या-लाल पेशी, आमच्या दुकानातल्या पोरांनीपण पान हातात घेऊन घेऊन बघितलं. पण मजकुरातल्या तीन गोष्टी दिवसभर डोक्यातून जाईनात म्हणून रात्री शटर ओढून मोबाईलवर हे टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. पहिली म्हणजे फोटोखाली लिहिलंय की ह्या पेशी काजव्यासारख्या स्वयंप्रकाशी आहेत. नाहीत ओ. दुसरी, ह्या कामाचं नोबेल वैद्यकशास्त्राचं म्हणून छापलंय, ते केमिस्ट्रीचं होतं, 2008 चंपण आणि 2014 चंपण. तिसरीला चूक म्हणता येणार नाही, पण मला सगळ्यात जास्त तीच लागली. अख्ख्या अर्ध्या पानात चमकतं, चमकतं, चमकतं एवढंच आहे आणि हे प्रोटीन पाहिजे तेव्हा विझवता येतं आणि पाहिजे तेव्हा परत लावता येतं हे कुठंच नाही. मेन गोष्ट तर तीच आहे!

आता हळदीचा अडत्या ह्यात कुठनं आला असं वाटेल तुम्हाला. सांगली मार्केट यार्डात आमची अडत आहे, तिसरी पिढी. मी विलिंग्डनला केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं, पुढं एमएस्सी करायचं पक्कं होतं, त्याच वर्षी वडील आजारी पडले आणि तात्पुरता म्हणून गादीवर बसलो तो बसलोच. त्यामुळं केमिस्ट्रीचं काहीपण छापून आलं की मी आधी ते वाचतो मग सोयाबीनचे दर. आणि माझी भाची पुण्यात बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करतीय, तिचं काम ह्याच प्रोटीनवर आहे, दिवाळीला आली की मला गाठून बसते, कारण घरात दुसरं कोणी ऐकून घेत नाही.

तर ह्या दिवाळीची गोष्ट. संध्याकाळी सौदे आटपले होते, दुकानात मी, ती आणि आमचा जुना हमाल. ती म्हणली, मामा, नोटा तपासायची जांभळी टॉर्च आहे ना, ती द्या आणि शटर निम्मं खाली घ्या. कोरोनात घेतलेला सॅनिटायझरचा कॅन कोपऱ्यात धूळ खात पडला होता, त्यातलं थोडं चहाच्या काचेच्या ग्लासात ओतलं, राजापुरी हळकुंड फोडून चिमूटभर भुगा त्यात टाकला, ढवळलं, गाळ खाली बसू दिला. वरचं पिवळं पाणी. त्याच्यावर टॉर्च मारली तर काय, ग्लासभर हिरवट पिवळा उजेड, आतनं कोणीतरी दिवा लावल्यासारखा. हमाल म्हणला, मालक, चाळीस वर्षं पाठीवर हळद वाहिली, ही भानगड कधी बघितली न्हाई. मग तिनं त्याच्याकडं तंबाखूची डबी मागितली, नखावर मावेल एवढा चुना घेतला आणि ग्लासात बुडवून हलवला. पाणी लालभडक, कुंकवासारखं. टॉर्च मारली तर ती हिरवी चमक गायब. आता लिंबू पाहिजे म्हणली. दुकानात लिंबू कुठलं, तिनं सरळ दारावरची लिंबू-मिरची सोडली, शनिवारीच बांधलेली होती, लिंबू चिरलं आणि पिळलं. परत पिवळं. परत चमक. हमालानं एवढंच विचारलं की आता दुकानाला नजर लागली तर कोण भरून देणार.

हे मी रंगवून सांगत नाही, तुम्ही घरी करून बघा. आणि हळदीच्या डागावर साबण लावला की डाग लाल होतो हे घरातली प्रत्येक बाई जाणते. कारण असं की हळदीतल्या कर्क्युमिनच्या रेणूला दोन टोकांना फिनॉलच्या रिंगा (सहा कार्बनची रिंग, तिला एक ओएच) आहेत आणि मध्ये डबल बॉण्डांची साखळी आहे. चुना किंवा साबण म्हणजे अल्कली, ती त्या फिनॉलचा हायड्रोजन म्हणजे प्रोटॉन काढून घेते, मग राहिलेले इलेक्ट्रॉन साखळीभर ऐसपैस पसरतात, रेणू जो प्रकाश गिळायचा त्याचा रंग बदलतो आणि आपल्याला पिवळ्याचं लाल दिसतं. लिंबानं प्रोटॉन परत दिला की परत पिवळं. एक प्रोटॉन गेला आला एवढाच खेळ. भाची म्हणली, मामा, माझं प्रोटीन हेच करतंय, फक्त तिथं चुना नाही, लिंबू नाही, दोन्ही कामं प्रकाशच करतो.

आता आधी काजव्याचं मिटवू. काजवा स्वतःचं जळण स्वतः जाळतो. त्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ असतो, एक एन्झाइम ऑक्सिजन वापरून ते जाळतं आणि त्या रिॲक्शनमधनंच उजेड पडतो, बाहेरनं काही लागत नाही. मे सरता सरता, वळवाच्या नंतर आणि खऱ्या पावसाच्या आधी कोयनेच्या बाजूला झाडं लुकलुकताना ज्यांनी बघितलीत त्यांना वेगळं सांगायला नको. फ्लुओरेसन्सचं तसं नाही. त्याला आधी वरनं प्रकाश टाकावा लागतो, रेणू तो गिळतो, थोडी एनर्जी अंग हलवण्यात घालवतो आणि उरलेली कमी दमाच्या रंगात परत टाकतो. जांभळा घेऊन हिरवा द्यायचा. आमच्या धंद्यात म्हणाल तर आलेल्या मालात कडता कापून हिशोब देणं. टॉर्च बंद तर उजेड बंद. तुमच्या फोटोतल्या पेशी अंधाऱ्या खोलीत ठेवल्या तर मिट्ट काळ्या दिसतील.

तुमच्या लेखकाचा घोळ कशामुळं झाला असेल तेपण मला कळतं, कारण हे प्रोटीन ज्या जेलीफिशमधनं आलं तिच्यात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत. ओसामु शिमोमुरा म्हणून जपानी केमिस्ट, नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा हे सोळा वर्षांचे आणि तिथनं काही मैलांवरच राहत होते. 1961 च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रायडे हार्बरला फ्रँक जॉन्सन यांच्याबरोबर जेलीफिश पकडत होते, पहिल्याच उन्हाळ्यात दहाएक हजार. जेलीफिशच्या छत्रीच्या काठाला उजेड असतो म्हणून तेवढी किनार कापायची आणि फडक्यातनं पिळायची, आपण चक्क्याचं फडकं पिळतो तसं. बरेच दिवस काही हाताला लागेना. शेवटी कंटाळून पिळलेला रस सिंकमध्ये ओतला आणि सिंकमध्ये मत्स्यालयाचं समुद्राचं पाणी येत होतं, तर आत लख्खकन निळा उजेड! समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियमनं ते प्रोटीन पेटलं होतं. त्याला इक्वोरिन म्हणतात, आणि ते काजव्याच्या जातीचं, स्वतःच्या उजेडाचं. पण त्याच पिळलेल्या रसात दुसरं एक प्रोटीन होतं जे नुसतं हिरवं चमकायचं, 1962 च्या पेपरात त्याची नोंद जाता जाता केलीय. जेलीफिशमध्ये इक्वोरिनची निळी एनर्जी हे दुसरं घेतं आणि हिरवी करून बाहेर देतं. हे दुसरं म्हणजे ग्रीन फ्लुओरेसंट प्रोटीन, जीएफपी, ज्याच्यावर तुमचं अर्धं पान आहे. बाजारात गाजलं ते बायप्रॉडक्ट. पुढं वीसेक वर्षं शिमोमुरा बायकापोरांना घेऊन उन्हाळ्याच्या उन्हाळ्यात जेलीफिश पकडत राहिले, एकूण साडेआठ लाख.

आता ह्या प्रोटीनच्या पोटात काय आहे ते जरा निवांत सांगतो, कारण पुरवणीत ह्याला एक ओळपण मिळाली नाही. 238 अमिनो ॲसिडची एक साखळी, घडी पडली की तिची कणगी होते. ज्यांनी गावाकडं धान्याची कणगी बघितलीय त्यांना लगेच समजेल, अकरा पट्ट्या उभ्या लावून गोल विणलेली, वर-खाली झाकण, उंची साधारण 4 नॅनोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये अशा अडीच लाख कणग्या एकावर एक उभ्या राहतील. आणि कणगीच्या बरोबर मधोमध एक दांडी जाते, तिच्यावर 65, 66 आणि 67 नंबरची तीन अमिनो ॲसिड, सेरीन, टायरोसिन, ग्लायसीन. ही तिघं आपणहून एकमेकांवर वळतात, रिंग तयार होते, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, हवेतला ऑक्सिजन येऊन हायड्रोजन ओढून नेतो, त्यातनं हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडतं, आणि झाला रंगाचा रेणू तयार. बाहेरनं रंग घालावा लागत नाही, दुसरं एन्झाइम लागत नाही, फक्त ऑक्सिजन पाहिजे. ह्याच्यामुळंच तर मार्टिन चाल्फी यांनी 1994 मध्ये ह्याचा जीन बॅक्टेरियात आणि एका छोट्या जंतात घातल्यावर तो जसाच्या तसा हिरवा चमकला. बहुतेकांना वाटत होतं की जेलीफिशचं आणखी काहीतरी लागणार. नाही लागलं.

आणि गंमत बघा, तोच रंगाचा रेणू कणगीबाहेर काढून नुसता पाण्यात टाकला तर चमकतच नाही. कारण मोकळा मिळाला की त्याची टायरोसिनची रिंग फडफडते, गिळलेली सगळी एनर्जी हलण्यात आणि उष्णतेत जाते. कणगीत तो चारी बाजूंनी आवळून बसवलेला असतो, हलायला जागा नाही, मग एनर्जीला उजेड होऊन बाहेर पडण्याशिवाय रस्ता राहत नाही. भाची म्हणते आमची सगळी मजा ह्या आवळण्यातच आहे, किती आवळायचं आणि कुठं थोडं सैल सोडायचं.

टायरोसिनवर फिनॉल आहे, हळदीसारखाच. प्रोटॉन असला तर रेणू 395 नॅनोमीटरचा (हे आकडे प्रकाशाच्या लाटेच्या लांबीचे, त्यावरनं रंग ठरतो) जांभळा गिळतो, प्रोटॉन गेला तर 475 चा निळा. जेलीफिशच्या मूळ प्रोटीनमध्ये दोन्ही प्रकारांची खिचडी असते, आणि कुठलाही टाकला तरी बाहेर 509 च्या आसपासचा हिरवाच येतो. रॉजर त्सिएन यांनी 1995 मध्ये 65 नंबरचा सेरीन बदलून थ्रिओनिन घातला आणि खिचडी गेली, एकच निळा घेणारा, जास्त चमकणारा प्रकार मिळाला. एका बाबतीत हळदीचं उलटं आहे तेवढं लक्षात ठेवा, आमच्या ग्लासात प्रोटॉन गेला की चमक गेली, इथं प्रोटॉन गेलेला रेणू निळ्या प्रकाशात चमकतो आणि प्रोटॉनवाला काळा बसतो. तर 2008 चं नोबेल शिमोमुरा, चाल्फी, त्सिएन ह्या तिघांना. ज्या डग्लस प्रॅशरनी 1992 मध्ये ह्याचा जीन वेगळा काढून छापला आणि नंतर चाल्फी आणि त्सिएन दोघांना नमुना मोकळ्या मनानं पाठवून दिला त्यांना फंडिंग मिळालं नाही, नोबेल जाहीर झालं तेव्हा ते अमेरिकेत एका गाड्यांच्या शोरूमची गिऱ्हाइकांना ने-आण करणारी गाडी चालवत होते. हे वाचलं तेव्हा मला दोन दिवस करमलं नाही, कारण विचारू नका.

आता विझण्यावर येतो. 1997 मध्ये मोएर्नर आणि त्यांचे सहकारी जीएफपीचे एकेक सुटे रेणू बघत होते, म्हणजे अख्खं पोतं सोडून एक एक दाणा. तर दिसलं असं की एकेक रेणू चमकतो, विझतो, परत चमकतो, ट्यूबलाइटचा स्टार्टर गेल्यासारखा. आणि काही वेळानं एकदम गप झाला तर मेला म्हणून सोडायचा नाही, 405 नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश टाकला की उठून बसतो. इथनं लोकांच्या डोक्यात आलं की हे बटण आहे.

मग बटणांचे प्रकार निघाले. एक प्रकार म्हणजे एकदाच दाबायचं. 2002 मध्ये पॅटरसन आणि लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांनी असा जीएफपी बनवला की जो निळ्या प्रकाशात जवळपास काळाच, पण एकदा जांभळा झोत मारला की शंभरपट उजळतो. आत होतं असं की रंगाच्या रेणूशेजारच्या 222 नंबरच्या ग्लुटामेटमधनं कार्बन डायऑक्साइड निघून जातो, शेजारपाजारची प्रोटॉनची देवाणघेवाण बदलते आणि रेणू कायमचा प्रोटॉन सोडलेल्या बाजूला बसतो. शिजवलेली हळद परत कच्ची होत नाही, तसं. उपयोग काय, तर पेशीतल्या एका कोपऱ्यावर झोत मारायचा आणि तेवढीच प्रोटीन कुठं कुठं फिरतात ते बघायचं. धनगर कळपातल्या एका मेंढराच्या पाठीवर गुलाल टाकतो, मग त्या हजारात ते एक कुठं गेलं ते कळतं, हे तेच.

त्याच वर्षी जपानात मियावाकी यांच्या लॅबमध्ये प्रवाळातलं एक हिरवं प्रोटीन टेबलावर तसंच राहून गेलं, खिडकीतनं ऊन येत होतं, दुसऱ्या दिवशी बघतात तर लाल. कोणाचं तरी राहून गेलं म्हणून शोध लागला, आमच्याकडं कोणाचं काही राहून गेलं की शिव्या बसतात. नाव ठेवलं काएदे, म्हणजे जपानी मेपलचं झाड, पानं हिरव्याची लाल होतात म्हणून. ह्यात जांभळ्या प्रकाशानं प्रोटीनची साखळीच एका जागी, 62 नंबरच्या हिस्टिडिनपाशी तुटते आणि तुटताना एक जादा डबल बॉण्ड तयार होऊन हिस्टिडिनची रिंग रंगाच्या रेणूला जोडली जाते. डबल बॉण्डांची साखळी लांबली की रंग लालाकडं सरकतो हा आम्ही बीएस्सीला पाठ केलेला नियम, पेपरात दोन मार्कांना यायचा, तो असा डोळ्यासमोर येईल असं कधी वाटलं नव्हतं. हेपण एकतर्फीच, लाल झालं ते झालं.

आणि मग 2004 मध्ये त्याच लॅबमधनं आलं द्रोन्पा, माझं सगळ्यात लाडकं. "द्रोन" म्हणजे निन्जा लोक धूर करून गायब होतात तो आवाज, आणि "पा" हे फोटोॲक्टिव्हेशनवरनं, म्हणजे प्रकाशानं जागं होणं. जोरात निळा मारला की विझतं, थोडा जांभळा टाकला की परत लागतं, परत विझवा, परत लावा. चुना-लिंबू, चुना-लिंबू. आत दोन गोष्टी बरोबरीनं होतात, टायरोसिनची रिंग डबल बॉण्डच्या एका बाजूवरनं दुसऱ्या बाजूला पलटते, केमिस्ट्रीत ह्याला सिसचं ट्रान्स म्हणतात, आणि पलटली की प्रोटॉन येऊन बसतो. डबल बॉण्ड एरवी फिरत नाही, दाराच्या अडसरासारखा घट्ट, पण प्रकाश गिळल्यावर तेवढ्यापुरता सैल होतो, तेवढ्यात उलटं पडून घेतं. हे काही परकं नाही बरं का, तुम्ही आत्ता हे पत्र वाचताय तर तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर रेटिनल नावाचा रेणू हेच करतोय, सिसचा ट्रान्स, त्याच्यावरच आपली नजर चाललीय.

द्रोन्पाची एक खोड आहे. जो निळा प्रकाश त्याला चमकवतो तोच त्याला विझवतो. म्हणजे बघायला गेलं की विझायला लागतं. सुदैवानं विझणं फार क्वचित होतं, निळ्या प्रकाशाचे दहा हजार कण गिळले तर तीन-चार वेळाच रेणू पलटतो, बाकी वेळा बिचारा नुसता चमकून घेतो. ह्या खोडीवर 2011 मध्ये जर्मनीत उपाय निघाला, ड्रायक्लांग नावाचं प्रोटीन, जर्मनमध्ये त्याचा अर्थ तीन सुरांचा मेळ. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या गल्लीत हे नाव चाललं असतं. ह्याला लावायला 365, विझवायला 405 आणि बघायला 515 च्या आसपास, तिन्ही कामांना तीन वेगळे प्रकाश, एकाचा पाय दुसऱ्यात नाही. आणि ह्याचं आतलं यंत्रपण निराळं आहे, रिंग पलटत नाही तर शेजारी बसलेला पाण्याचा एक रेणू येऊन रंगाच्या रेणूला चिकटतो, डबल बॉण्डांची साखळी मध्येच तुटते, काळोख. दुसऱ्या प्रकाशानं पाणी सुटतं, परत उजेड. एका पाण्याच्या थेंबाचा पण नाही, एका रेणूचा खेळ. हे ऐकून मी भाचीला म्हणलं, अगं हे तुम्हाला कळलं कसं, तर म्हणली, स्फटिक करून एक्स-रेनं बघतात मामा, प्रत्येक अणू कुठं बसलाय ते दिसतं.

बरं, एवढं विझवून करायचं काय? हे सांगायला मी तिला दंडोब्याच्या डोंगरावर घेऊन गेलो होतो, म्हणजे गेलो होतो देवाला, पण यायला अंधार झाला. वरनं मिरज आणि सांगली दिसते ती अशी उजेडाचा एक पट्टा, लांबनं दिवे एकमेकात मिसळलेले, कुठला दिवा कुणाच्या घराचा सांगता येत नाही. मायक्रोस्कोपचं हेच दुखणं. जर्मनीच्या अर्न्स्ट ॲबे यांनी 1873 मध्येच सांगून ठेवलं की प्रकाशानं बघायचं तर साधारण 200 नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसणार नाहीत, भिंग कितीही भारी आणा. आणि पेशीतली बरीचशी गंमत त्याच्याहून बारीक असते. आता समजा लोडशेडिंग अशा पद्धतीनं केलं की एका वेळी अख्ख्या शहरात फक्त पाच-सहाच घरात दिवे, तेपण एकमेकांपासून लांब लांब. मग डोंगरावरनं प्रत्येक दिवा एक सुटा फिकट गोळा दिसेल, गोळा मोठा असला तरी त्याचा मध्य कुठं ते बोटानं दाखवता येतं. कागदावर ठिपका मारायचा. ते पाच-सहा विझवायचे, दुसरे पाच-सहा लावायचे, ठिपके मारायचे. असं हजारो वेळा. शेवटी कागदावर अख्ख्या शहराचा नकाशा, घर न घर वेगळं. अट एकच, बाकीचे सगळे दिवे त्या वेळी बंद पाहिजेत. म्हणून म्हणतो की विझणं ही मेन गोष्ट आहे. सगळेच चमकत राहिले तर डोंगरावरनं पट्टाच दिसणार.

एरिक बेट्झिग यांनी हे 2006 मध्ये ह्याच प्रकाशानं जागं होणाऱ्या प्रोटीनवर करून दाखवलं. हे गृहस्थ कंटाळून सायन्स सोडून वडिलांच्या मशीन टूलच्या कंपनीत कामाला लागले होते (इथं मी परत एकदा वाचायचा थांबलो होतो), मग हॅराल्ड हेस ह्या जुन्या मित्राबरोबर त्याच्या घरी दिवाणखान्यात मायक्रोस्कोप जोडला. दुसऱ्या वाटेनं स्टेफान हेल गेले, ते मधला बारीक ठिपका सोडून कडेकडेनं गोल झोत मारतात, मेदूवड्यासारखा, म्हणजे कडेचे सगळे विझतात आणि भोकातलेच चमकत राहतात, मग तो वडा पेशीभर फिरवायचा. बटणवाली प्रोटीन असली की ह्या विझवायला प्रकाश फार कमी लागतो, पेशी भाजत नाही. 2014 चं नोबेल बेट्झिग, हेल आणि मघाचे मोएर्नर ह्यांना. केमिस्ट्रीचं. हे दुसऱ्यांदा लिहितोय.

सगळं गोडच आहे असंपण नाही. जांभळा प्रकाश पेशीला मानवत नाही, जास्त मारला तर जे बघायचंय तेच बिघडतं. आणि लावून-विझवून लावून-विझवून रेणू दमतात, एक दिवस कायमचे जातात. हळदीचा डाग साबणानं जात नाही पण दोन दिवस कडक उन्हात टाकला की जातो, तसंच. माझे वडील सौद्याचा नमुना कधी उन्हात उघडा ठेवू द्यायचे नाहीत, म्हणायचे ऊन रंग खातं. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं रंग धरून राहायची त्यात अंधाराचापण हात असणारच. वडील चौथी शिकलेले, पण फोटोब्लीचिंग त्यांना माहीत होतं, फक्त नाव माहीत नव्हतं.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी चौकटीत दुरुस्ती छापा, स्वयंप्रकाशी हा शब्द काढा, नोबेल बरोबर करा, आणि जागा उरली तर विझण्याबद्दल चार ओळी घाला. तुमचे लेखक सांगलीत असतील तर त्यांना दुपारी चारनंतर दुकानावर पाठवून द्या. सॅनिटायझर अजून निम्मा कॅन शिल्लक आहे, हळदीला तोटा नाही, चुना हमालाकडं असतोच.

आपला,
एक हळदवाला, मार्केट यार्ड, सांगली

ता. क. : टॉर्च डोळ्यात मारू नका आणि सॅनिटायझर पणतीजवळ नेऊ नका, घरात लहान पोरं असतील तर हे दोन्ही आधी सांगा. आणि लिंबू घरनं घेऊन जा. आमच्या आईला दुसऱ्या दिवशी दारावर नुसत्या मिरच्या लटकलेल्या दिसल्या, नातीला काही बोलली नाही, मला मात्र अजून ऐकवतीय.